पुण्यातल्या पोरीला फुलं पाठवायची? पैसे टाकण्याआधी दुकान कुठलं ते पाहा

हुडकेश्वर (नागपूर) : पोरगी पुण्यात नोकरीला, आई-बाबा हुडकेश्वरात. तिचा वाढदिवस उद्यावर आलेला. ट्रॅव्हल्सने निघायचं म्हटलं तर अख्खी रात्र जाते, घरची कामं वेगळीच. मग शेजारचा पोट्टा म्हणतो, "काकू, मोबाईलवरून फुलं पाठवा ना!" मोबाईलवर शोधलं की पहिल्याच पानावर दहा-पंधरा नावं दिसतात. कुठं "पुण्यात दोन तासांत घरपोच", कुठं "आज अर्ध्या किमतीत". चित्रात टवटवीत गुलाब. बटण दाबलं, पैसे गेले. फुलं मात्र कधी दुसऱ्या दिवशी येतात, कधी अर्धी कोमेजलेली येतात, तर कधी येतच नाहीत.

वाढदिवसाचं एकवेळ चालून जाईल. पण नातेवाईकाच्या मयतीला पाठवलेलं पुष्पचक्र अंत्ययात्रा निघून गेल्यावर पोहोचलं, तर नंतर पैसे परत मिळूनही काय उपयोग? म्हणून ही फुलं नेमकी कुठून जातात आणि पैसे कुणाच्या हातात पडतात, हे आधी समजून घेणं गरजेचं आहे.

फुलं नागपूरहून जात नाहीत

अनेकांना वाटतं, नागपुरात ऑर्डर दिली म्हणजे सीताबर्डीच्या फूल मार्केटमधून फुलं निघून पुण्याला जातात. तसं नसतं. नागपूर ते पुणे हे अंतर सातशे किलोमीटरच्या वर आहे. गुच्छ इथून बांधून पाठवला तर तिथं पोहोचेपर्यंत त्याची मान पडलेली असते. म्हणून प्रवास फुलं करत नाहीत, प्रवास ऑर्डर करते. पैसे इथं घेतले जातात, निरोप पुण्यातल्या एखाद्या फूलवाल्याला जातो आणि तो आपल्या दुकानातली फुलं बांधून पत्त्यावर पोहोचवतो.

ही पद्धत मोबाईलच्या फार आधीची आहे. १९१० मध्ये अमेरिकेतल्या काही फूलवाल्यांनी एकत्र येऊन तारेने एकमेकांना ऑर्डर कळवायची व्यवस्था सुरू केली. एका गावात पैसे घ्यायचे, दुसऱ्या गावातल्या दुकानाने फुलं द्यायची. आज तारेच्या जागी अ‍ॅप आलं, बाकी व्यवहार तोच आहे.

मधला माणूस आला की गुच्छ लहान होतो

आता खरी गोम इथं आहे. मोबाईलवर जी नावं दिसतात, त्यातली सगळीच काही फुलांची दुकानं नसतात. काही जण फक्त ऑर्डर गोळा करतात. त्यांच्याकडं ना दुकान, ना फुलांची बादली, ना बांधणारा कारागीर. ते पैसे घेतात, आपला वाटा कापतात आणि उरलेल्या रकमेत काम करायला तयार असलेला फूलवाला शोधतात.

समजा, घरच्यांनी हजार रुपये दिले आणि मधल्याने तीनशे ठेवले. पुण्यातल्या दुकानदाराच्या हाती सातशे येतात. त्यात त्याची फुलं, कागद, रिबीन आणि डिलिव्हरीच्या पोराचं पेट्रोल. चित्रात पंचवीस गुलाब असले तरी प्रत्यक्ष गुच्छात ते कमी होणार, नाहीतर कालचे लागणार. दुकानदार ठगवतो असं नाही, त्याला जेवढे मिळाले तेवढ्यात तो बांधून देतो. शिवाय उशीर झाला तर मधला म्हणतो "दुकानाला विचारा" आणि दुकानदार म्हणतो "ज्याला पैसे दिले त्याला विचारा."

मोठ्या नावाजलेल्या कंपन्याही स्थानिक दुकानांकडूनच बरंच काम करून घेतात आणि ते चुकीचं नाही. त्यांचं नाव, पत्ता, तक्रारीची सोय उघड असते. अडचण होते ती पत्ताच नसलेल्या मध्यस्थाची.

पुणे घोड्यांचं, तसंच फुलांचंही

पुणे हे विद्येचं शहर म्हणून आपल्याकडं माहीत आहे, पण घोड्यांच्या पैदाशीसाठीही पुण्याचं नाव आहे. पूनावाला स्टड फार्म १९४६ मध्ये सुरू झाला. पुढं याच घराण्यातले डॉ. सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी केली. त्याकाळी धनुर्वातावरचं औषध घोड्याच्या रक्तातल्या सीरमपासून बनत असे. घरात घोडे होते, त्यातूनच लसीच्या कारखान्याची वाट निघाली. पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर शर्यतींचा हंगामही असतो.

फुलांच्या बाबतीतही पुणे मोठं आहे. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात फुलांचा घाऊक बाजार भरतो. मावळ भागात, तळेगावच्या फुलोत्पादन पार्कमध्ये पॉलिहाऊसमधले गुलाब पिकतात आणि व्हॅलेंटाईन डेच्या आधी ते परदेशातही जातात. म्हणजे पुण्यात ताज्या फुलांची वानवा नाही. म्हणूनच मधला माणूस वगळून थेट तिथल्या दुकानाशी बोललेलं केव्हाही चांगलं. हजार रुपयांतला कमिशनचा वाटा वाचतो आणि तो गुच्छात दिसतो.

दुकान खरं आहे का, हे कसं ओळखायचं

पोरगी पुण्यात ज्या भागात राहते, त्या भागाचं नाव टाकून मोबाईलच्या नकाशावर फुलांची दुकानं शोधावीत. हडपसरला राहत असेल तर हडपसरचं दुकान, वाकडला असेल तर वाकडचं. पुण्याची ट्रॅफिक पाहता कोथरूडच्या दुकानातून हडपसरला गुच्छ पाठवणं म्हणजे उशिराला आमंत्रण. दुकान सापडलं की एवढं पाहावं :

– दुकानाचे गिऱ्हाइकांनी काढलेले फोटो आहेत का? फक्त चकचकीत गुच्छांची चित्रं असतील आणि दुकानाची पाटी कुठंच दिसत नसेल, तर थांबावं.

– फोन लावून दोनच प्रश्न विचारावेत : "दुकान कोणत्या चौकात आहे?" आणि "आज ताजी फुलं कोणती आहेत?" खरा फूलवाला लगेच सांगतो, शेवंती चांगली आहे, जरबेरा आज आला नाही. बसल्या जागी ऑर्डर घेणारा माणूस गडबडतो आणि "वेबसाईटवर बघा" म्हणतो.

– गुच्छ तयार झाला की निघण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवाल का, असं विचारावं. हे मागण्यात लाज कसली? खऱ्या दुकानदाराला त्यात काहीच अडचण नसते.

पुण्यात ओळखीचं कुणी असेल तर सगळ्यात सोपं. त्यांच्या घराजवळच्या फूलवाल्याचा नंबर मागून घ्यावा.

ऑर्डर देताना काय सांगायचं

निम्म्या भानगडी अर्धवट पत्त्यामुळं होतात. सोसायटीचं नाव, इमारत, मजला, फ्लॅट नंबर, जवळची खूण आणि जिला फुलं द्यायची तिचा चालू मोबाईल नंबर, हे सगळं लिहून द्यावं. तोंडी सांगून सोडू नये. पोरगी दिवसा ऑफिसात असेल तर वेळ सायंकाळची द्यावी, नाहीतर गुच्छ वॉचमनच्या खुर्चीशेजारी दिवसभर वाळतो.

"सरप्राईज द्यायचं आहे, तिला फोन करू नका" असं अनेक जण सांगतात. मग डिलिव्हरीवाला गेटवर अडकतो. अशा वेळी तिच्या मैत्रिणीचा किंवा घरमालकिणीचा नंबर द्यावा.

कुणी स्टड फार्मवर कामाला असेल, तर तिथं अनोळखी माणसाला थेट आत सोडत नाहीत. डिलिव्हरी फाटकावरच घ्यायची, असं आधीच ठरवून घ्यावं. आणखी एक गोष्ट, अशा ठिकाणी जाणाऱ्या फुलांत कण्हेर नको. कण्हेरीचा पाला गुरांना विषारी, हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. घोड्यालाही ती तितकीच घातक असते.

फुलं निवडताना चित्राच्या नादी लागू नये. उन्हाळ्यात नाजूक फुलं लवकर मान टाकतात. शेवंती, जरबेरा, कार्नेशन ही त्यामानानं टिकतात. "हजारात बसेल ते, पण आजचं ताजं द्या" असं मोकळं सांगितलं की दुकानदारही मनापासून बांधतो. एखादं फूल नसेल तर त्याऐवजी काय घालणार, हेही आधीच विचारून ठेवावं. १४ फेब्रुवारी, दसरा-दिवाळी आणि लग्नसराईत फुलांचे भाव चढतात आणि डिलिव्हरीची पोरंही कमी पडतात. त्या दिवसांत दोन-तीन दिवस आधी ऑर्डर दिलेली बरी.

मयतीचं पुष्पचक्र असेल तर मात्र अ‍ॅपच्या फंदात न पडता थेट दुकानात फोन करावा, अंत्ययात्रेची वेळ सांगावी आणि "जमेल का?" असं स्पष्ट विचारावं. नाही म्हणाला तर दुसरं दुकान पाहायला वेळ तरी मिळतो.

पैसे देताना सावध

यूपीआयने पैसे टाकताना स्क्रीनवर जे नाव येतं, ते वाचावं. दुकानाचं नाव एक आणि खात्याचं भलतंच नाव असेल तर आधी विचारावं, मग टाकावं.

फसवणूक बहुतेक वेळा ऑर्डर दिल्यानंतर होते. फुलं पोहोचली नाहीत म्हणून माणूस घाईत इंटरनेटवर "कस्टमर केअर" शोधतो आणि भलत्याच नंबरवर फोन लावतो. समोरचा गोड बोलतो, "रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका." इथंच खातं रिकामं होतं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो फक्त पैसे द्यायला. एवढं घरातल्या प्रत्येकाला पाठ असावं. ऑर्डर कुठं पोहोचली ते पाहायला म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एखादी फाईल किंवा अ‍ॅप आलं, तर ते उघडू नये, मोबाईलमध्ये घेऊ नये.

ऑर्डरचा नंबर, पैसे गेल्याचा मेसेज, दुकानदाराशी झालेलं चॅटिंग, सगळ्याचे स्क्रीनशॉट ठेवावेत. पुढं तेच कामी येतात.

बिघडलंच तर कायदा आपल्या बाजूनं

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि २०२० चे ई-कॉमर्स नियम ऑनलाईन फुलांनाही लागू आहेत. विक्री करणाऱ्या वेबसाईटनं आपलं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क उघड द्यायचा असतो. तक्रार आली की ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. सांगितलेल्या वेळेनंतर माल आला किंवा दाखवलेल्यापेक्षा वेगळा आला, तर विक्रेत्याला पैसे परत करायला नाही म्हणता येत नाही. पूर किंवा बंदसारखी हाताबाहेरची परिस्थिती असेल तर उशिराची गोष्ट वेगळी. वेबसाईटवर पत्ता आणि तक्रार अधिकारीच सापडत नसेल, तर पैसे टाकूच नयेत.

एवढ्यावर भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पूर्वी विक्रेता जिथला, तिथं धाव घ्यावी लागे. नव्या कायद्यानं ग्राहक जिथं राहतो, तिथं तक्रार करता येते. म्हणजे फुलं पुण्यात बिघडली तरी हुडकेश्वरचा माणूस नागपूरच्या आयोगात तक्रार करू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत आहे.

इकडून तिकडे, तसंच तिकडून इकडे

पोरीनं पुण्याहून आई-बाबांना फुलं पाठवायची म्हटली तरी नियम तोच, दुकान हुडकेश्वर रोड किंवा मानेवाडा भागातलं निवडावं. इथं ले-आऊटवर ले-आऊट झाले आहेत आणि एकाच नंबरचे प्लॉट जागोजागी आहेत. म्हणून प्लॉट नंबरसोबत ले-आऊटचं नाव आणि जवळचं मंदिर किंवा शाळा लिहिलीच पाहिजे.

हे नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा

– १९१५ : राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. माल आला नाही, खराब आला, रिफंड अडला तर इथं फोन करावा. मराठीतही बोलता येतं.

– १९३० : सायबर फसवणूक हेल्पलाईन. खात्यातून पैसे गेले की पहिला फोन इथं. जितक्या लवकर कळवाल, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात रोखली जाण्याची शक्यता जास्त. त्यानंतर हुडकेश्वर पोलीस ठाण्यात किंवा आपल्या जवळच्या ठाण्यात तक्रार नोंदवावी.