माइनक्राफ्टमध्ये वस्तू शोधण्यातच तास जातोय? सर्च करता येणारं गोदाम आणि आपोआप क्राफ्टिंग कसं उभं करायचं, समजून घ्या

माइनक्राफ्ट खेळणाऱ्या पोरांना विचारा, गेममध्ये सगळ्यात डोकं कधी फिरतं? राक्षसांशी लढताना नाही, खाण खोदतानाही नाही. "अरे, ते रेडस्टोन कुठल्या पेटीत टाकलं होतं?" हा प्रश्न पडतो तेव्हा.

साध्या माइनक्राफ्टमध्ये हे कसंबसं निभावतं. पण मॉड टाकले की वस्तूंचे प्रकार हजारोंच्या घरात जातात. मॉड म्हणजे खेळाडूंनीच लिहिलेले जोड-प्रोग्राम, जे मूळ गेममध्ये नवी यंत्रं, नवे धातू आणि नव्या रेसिपी घालतात. मग एक यंत्र बनवायला दहा सुटे भाग लागतात, त्या दहा भागांना आणखी तीस वस्तू लागतात आणि त्या तीस वस्तू चाळीस पेट्यांमध्ये विखुरलेल्या असतात. कित्येक जण इथंच गेम सोडून देतात.

यावर खेळाडूंनीच तोडगा काढला. सगळा माल एका पडद्यावर, वर सर्च बॉक्स, आणि जी वस्तू नाही तिची ऑर्डर दिली की ती आपोआप तयार. या प्रकारातला सगळ्यात गाजलेला मॉड म्हणजे 'अप्लाइड एनर्जिस्टिक्स २'. तो चालतो कसा आणि अडतो कुठं, तेच आता बघू.

आधी पेटीचं गणित

माइनक्राफ्टची पहिली सार्वजनिक आवृत्ती २००९ मध्ये आली, पूर्ण गेम २०११ मध्ये. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो बनवणारी मोजांग ही कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली आणि २०२३ मध्ये विक्रीचा आकडा ३० कोटी प्रतींच्या पुढं गेल्याचं जाहीर झालं. एवढा मोठा गेम, पण त्यातली लाकडी पेटी तशीच राहिली. एका पेटीत २७ खाने, एका खान्यात जास्तीत जास्त ६४ नग. म्हणजे एकाच प्रकारच्या १,७२८ वस्तू. दोन पेट्या जोडल्या की ५४ खाने आणि ३,४५६ वस्तू.

जागा कमी पडते हा दुय्यम प्रश्न आहे. खरी अडचण अशी की कुठल्या पेटीत काय आहे हे फक्त खेळाडूच्या डोक्यात असतं.

बुलढाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यातल्या अमडापूरसारख्या गावातलं एखादं जुनं किराणा दुकान डोळ्यासमोर आणा. गिऱ्हाईक "पाव किलो मोहरी" म्हणतं आणि दुकानदार न बघता मागं हात घालून बरोबर तोच डबा काढतो. डब्यावर नाव नसतं, सगळी व्यवस्था त्याच्या डोक्यात असते. तो दोन दिवस गावाला गेला आणि पुतण्या गल्ल्यावर बसला, की मोहरी शोधायला दहा मिनिटं लागतात. पेट्यांनी भरलेलं माइनक्राफ्टचं घर म्हणजे तो पुतण्या बसलेलं दुकान. महिनाभरानं गेम उघडला की खेळाडूच स्वतःच्या घरात पुतण्या होतो.

मग हा मॉड वेगळं काय करतो?

तो वस्तू 'कुठं आहे' हा प्रश्नच काढून टाकतो. राहतो तो फक्त 'किती आहे' हा प्रश्न.

बँकेच्या पासबुकासारखं समजा. तुम्ही भरलेली पाचशेची नोट बँकेत नेमकी कुठल्या कपाटात आहे हे कुणी विचारत नाही. खात्यावर आकडा असला की झालं. इथंही तसंच. माल 'स्टोरेज सेल' नावाच्या छोट्या डिस्कमध्ये आकड्याच्या रूपात साठतो. या डिस्क 'एमई ड्राइव्ह'मध्ये बसतात, एका ड्राइव्हमध्ये १०. ड्राइव्ह केबलनं 'टर्मिनल'ला जोडला की सगळ्या डिस्कमधला माल एकाच पडद्यावर दिसतो. नावातली चार अक्षरं टाइप करा, वस्तू समोर. एखाद्या ठरावीक मॉडच्याच वस्तू बघायच्या असतील, तर सर्चमध्ये '@' लावून त्या मॉडचं नाव लिहायचं.

हे सगळं फुकट मिळत नाही. सुरुवातीला सर्टस क्वार्ट्झ नावाचा खनिज स्फटिक शोधावा लागतो. मग उल्कापाताच्या खड्ड्यांतून चार साचे मिळवायचे आणि त्या साच्यांवर सोनं, हिरा, सर्टस क्वार्ट्झ आणि सिलिकॉन दाबून प्रोसेसर बनवायचे. वर पूर्ण नेटवर्कला वीज लागते. वीज गेली की टर्मिनल बंद. माल डिस्कमध्ये शाबूत असतो, फक्त तो काढता येत नाही.

६३ चा नियम, जो नवख्यांना रडवतो

डिस्क १के, ४के, १६के, ६४के अशा आकारांत मिळतात. ६४के म्हणजे ६४ हजार वस्तू असं वाटतं, पण तसं नाही. ६४के डिस्कमध्ये ६५,५३६ 'बाइट' असतात आणि एका बाइटमध्ये ८ वस्तू बसतात. मात्र प्रत्येक नव्या प्रकाराच्या नोंदीसाठी ५१२ बाइट आधीच कापले जातात. म्हणून एकाच प्रकारचा माल ठेवला तर ५,२०,१९२ वस्तू मावतात. ६३ प्रकार ठेवले तर क्षमता २,६६,२४० वर येते.

आणि ६३ ही कमाल मर्यादा आहे. डिस्क कितीही मोठी घ्या, त्यात ६३ पेक्षा जास्त प्रकार बसत नाहीत.

आता गडबड कुठं होते बघा. गेममध्ये अर्धवट झिजलेली तलवार आणि थोडी जास्त झिजलेली तलवार हे दोन वेगळे प्रकार धरले जातात. खेळाडू राक्षस मारायचं फार्म बांधतो, त्यातून पडणाऱ्या तलवारी आणि चिलखतं थेट नेटवर्कमध्ये सोडतो. जेमतेम ६३ तलवारींत एक डिस्क 'भरते', १० डिस्कचा ड्राइव्ह ६३० नगांत. लाखो वस्तूंची जागा रिकामी असते, तरी नवा प्रकार आत घेतला जात नाही.

उपाय सोपा आहे. झिजणारी हत्यारं साध्या पेटीत ठेवा, आत घेऊच नका. दगड, माती, लोखंड अशा ढिगानं येणाऱ्या मालासाठी एक मोठी डिस्क राखून ठेवा. सेल वर्कबेंचवर 'या डिस्कमध्ये फक्त हेच' असं ठरवता येतं. बाकी किरकोळ मालाला लहान डिस्क जास्त लावा.

केबललाही मर्यादा असते

दुसरी अडचण 'चॅनेल'ची. ड्राइव्ह, टर्मिनल अशी बहुतेक उपकरणं प्रत्येकी एक चॅनेल वापरतात. साधी केबल ८ चॅनेल नेते, जाड केबल ३२. कंट्रोलर नसलेल्या छोट्या नेटवर्कला एकूण ८ चॅनेलच मिळतात. नववं उपकरण जोडलं की गाडी अडते, आणि काय बिघडलं हे नवख्याला कळत नाही. म्हणून घर बांधतानाच कंट्रोलरपासून जाड केबल काढायची आणि तिच्यापासून साध्या केबलचे फाटे फोडायचे. मुख्य पाइपातून घराघरात नळ जातात, तसं.

ऑटो-क्राफ्टिंग म्हणजे आचाऱ्याची यादी

आता खरी गंमत. वऱ्हाडात पाचशे पानांचं जेवण सांगितलं, की आचारी यादी लिहून देतो. वरण-बट्टी आहे म्हटल्यावर तूरडाळ किती, कणीक किती, तूप किती. घरात काय आहे ते विचारतो, उरलेलं बाजारातून आणायला सांगतो. ऑटो-क्राफ्टिंग हेच करतं.

साध्या गेममधलंच उदाहरण घेऊ. १० हॉपर हवेत. एका हॉपरला ५ लोखंडी विटा आणि १ पेटी लागते. म्हणजे ५० विटा आणि १० पेट्या. एका पेटीला ८ फळ्या, म्हणजे ८० फळ्या. एका ओंडक्यातून ४ फळ्या निघतात, म्हणजे २० ओंडके. ५० विटांसाठी ५० कच्चं लोखंड भट्टीत घालायचं. एका नगाला १० सेकंद लागतात, म्हणजे एका भट्टीवर ५०० सेकंद. एक कोळसा ८ नग वितळवतो, म्हणजे ७ कोळसे.

हातानं केलं तर हा हिशोब तुम्ही करायचा. टर्मिनलवर 'हॉपर, १०' अशी ऑर्डर दिली, तर तो सिस्टिम करते. कामाला लागण्यापूर्वी ती साठ्यातून काय घेणार, नवं काय बनवणार आणि काय कमी पडतंय हे पडद्यावर दाखवते.

त्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली 'पॅटर्न', म्हणजे एक रेसिपी लिहिलेली चिठ्ठी. दुसरी 'पॅटर्न प्रोव्हायडर', ज्यात ९ चिठ्ठ्या बसतात. त्याला चिकटून 'मॉलिक्युलर असेंब्लर' ठेवला की तो चिठ्ठीप्रमाणे वस्तू जोडतो. तिसरी 'क्राफ्टिंग सीपीयू', जो पूर्ण ऑर्डरचा हिशोब सांभाळतो. एक सीपीयू एका वेळी एकच ऑर्डर घेतो. दोन ऑर्डर एकाच वेळी चालवायच्या असतील तर दोन सीपीयू बांधा.

सिस्टिमला काहीच माहीत नसतं

भट्टीसारख्या यंत्रांसाठी वेगळी चिठ्ठी असते, 'प्रोसेसिंग पॅटर्न'. त्यात काय आत जाईल आणि काय बाहेर येईल हे खेळाडू स्वतः लिहितो. सिस्टिम ते तपासत नाही. १ कच्च्या लोखंडातून २ विटा येतील असं लिहिलं, तर ती निमूट मान्य करते. ५० विटांच्या ऑर्डरला २५ नग भट्टीत घालते आणि उरलेल्या २५ विटांची वाट बघत बसते. त्या येतच नाहीत. ऑर्डर रद्द करेपर्यंत सीपीयू अडकून पडतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे तयार माल परत न आणणं. साध्या भट्टीत वरून कच्चा माल जातो, बाजूनं कोळसा आणि खालून तयार माल निघतो. प्रोव्हायडर वर बसवला, पण खाली 'इम्पोर्ट बस' लावायची राहिली, तर विटा भट्टीतच पडून राहतात. माल तयार असतो, पण नेटवर्कच्या हिशोबात तो आलेलाच नसतो. कोळशाची सोयही वेगळी करावी लागते, कारण चिठ्ठीत कोळशाचं नाव नाही.

म्हणून जाणकार खेळाडू मोठी ऑर्डर देण्याआधी प्रत्येक नव्या चिठ्ठीला एका नगाची ऑर्डर देऊन बघतात. एक नग बिनचूक परत आला की मगच हजार.

मर्यादा घालणंही तितकंच गरजेचं आहे. दगड बनवणारं यंत्र मोकळं सोडलं तर ते डिस्क भरेपर्यंत थांबत नाही. 'लेव्हल एमिटर' हे छोटं उपकरण एका वस्तूच्या आकड्यावर लक्ष ठेवतं. दगड १०,००० च्या वर गेला की यंत्र बंद, काच ५०० च्या खाली गेली की चालू, असं त्यावर लावता येतं.

एवढं किचकट नको असेल तर?

'रिफाइन्ड स्टोरेज' हा दुसरा मॉड आहे. कल्पना तीच, पण चॅनेलची भानगड नाही आणि प्रकारांवर ६३ ची मर्यादाही नाही. तिथल्या ६४के डिस्कमध्ये सरळ ६४,००० वस्तू बसतात. पहिल्यांदा शिकणाऱ्याला हा सोपा जातो.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. हे मॉड कॉम्प्युटरवरच्या जावा आवृत्तीसाठी आहेत. मोबाइलवरच्या माइनक्राफ्टमध्ये ते चालत नाहीत. मोठ्या मॉडपॅकला ६ ते ८ जीबी रॅम द्यावी लागते. ४ जीबीचा जुना लॅपटॉप असेल तर पॅक न घेता हा एकच मॉड आणि रेसिपी दाखवणारा 'जस्ट इनफ आयटम्स' एवढंच टाका. एकदा डाउनलोड झालं की एकट्यानं खेळायला इंटरनेट सतत लागत नाही, त्यामुळं गावात रेंज येत-जात असली तरी अडत नाही.

सुरुवात कुठून करायची?

ऑटो-क्राफ्टिंगनं नाही. आधी एक ड्राइव्ह, एक टर्मिनल आणि दोन-तीन लहान डिस्क लावा. जुन्या पेट्या त्यात रिकाम्या करा आणि आठवडाभर नुसता सर्च वापरा. कुठली वस्तू पुन्हा पुन्हा बनवावी लागते हे तेवढ्यात कळतं. पहिल्या नऊ चिठ्ठ्या त्याच वस्तूंच्या लिहा: फळ्या, पेट्या, काच, लोखंडी विटा. भट्टीची चिठ्ठी मात्र सगळ्यात शेवटी लिहा. आणि डिस्क हातात असताना लाव्हाजवळ जाऊ नका. पेटी फुटली तर माल निदान जमिनीवर पडतो. डिस्क जळाली तर आतलं सगळं तिच्यासोबत जातं.