एकच माप

मुलांनो, नवी मुंबईतील एपीएमसी मार्केट तुम्ही पाहिले आहे काय? मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीची ही बाजारपेठ होय. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाले व धान्य असे पाच मोठे बाजार येथे भरतात. धान्याचा जाणता व्यापारी पोत्याच्या तोंडाशी दिसणारे दाणे पाहून सौदा करीत नाही. तो पोत्यात पोकळ नळी खुपसून आतील दाणे काढतो आणि दोन नमुने एकाच उजेडात शेजारी शेजारी ठेवून पारखतो.

माझा एक जुना विद्यार्थी या बाजारात दिवाणजी आहे. त्याच्या वडिलांनी माथाडी म्हणून आयुष्यभर पोती वाहिली. आता त्यांना निवांतपणे अभंग ऐकता यावेत, म्हणून त्याने वर्षभर पैसे साठवून घरासाठी रिसीव्हर घेण्याचे ठरविले. रेडिओ, दूरचित्रवाणी इत्यादींकडून आलेला क्षीण विद्युत्संकेत वाढवून तो स्पीकरकडे पाठविणारे यंत्र म्हणजे रिसीव्हर.

दुकानात त्याला दोन यंत्रे आवडली. एक ५० वॅटचे होते, दुसरे १०० वॅटचे. दुसऱ्याची किंमत जवळजवळ दुप्पट होती; पण त्याचा आवाज अधिक भरदार वाटला. तो सल्ला विचारण्यास माझ्याकडे आला.

मी विचारले, "दोन्ही सारख्याच आवाजात ऐकलीस काय?"

"नाही, गुरुजी. दुसरे जरा मोठ्याने लावले होते."

"भिजलेल्या गव्हाचे पोते वजनात जास्त भरले, म्हणून तो गहू चांगला म्हणशील काय?"

तो हसला; त्याला चूक उमगली.

किंचित मोठा आवाज आपल्या कानांना अधिक चांगला वाटतो. शिवाय वॅट दुप्पट झाले, तरी आवाज दुप्पट होत नाही. त्याची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. आवाज दुप्पट भासण्यास सुमारे दसपट शक्ती लागते. वॅटचा आकडा कसा मोजला, हेही पाहावे लागते. एकच स्पीकर चालवून मोजला की दोन्ही? एकाच स्वरावर मोजला, की मनुष्याला ऐकू येणाऱ्या २० ते २०,००० हर्ट्झच्या संपूर्ण पट्ट्यात? मोजण्याची रीत निराळी असेल, तर आकड्यांची तुलना व्यर्थ होय.

दुसऱ्या दिवशी तो वडिलांना घेऊन दुकानात गेला. स्पीकर तेच, अभंग तोच. दोन्ही यंत्रांचे बटण एकाच आकड्यावर ठेवून भागत नाही, हे ओळखून त्याने ध्वनिमापकाने आवाज सारखा करून घेतला. वडिलांनी डोळे मिटून आळीपाळीने दोन्ही ऐकली. शब्द दोन्हींत सारखेच स्पष्ट होते. मोठ्या सभागृहास अधिक वॅटचे यंत्र शोभले असते. त्यांच्या लहान खोलीस ५० वॅटचे पुरेसे होते. त्याचे आकडेही ठळक असल्यामुळे वडिलांना चष्म्यावाचून वाचता येत होते. त्यांनी तेच घेतले.

मुलांनो, दोन वस्तूंची तुलना करण्यापूर्वी माप एकच आहे ना, एवढे पाहावे. आणि आपली गरज किती, हेही स्वतःस विचारावे. कष्टाने साठविलेला पैसा अशा वेळीच योग्य ठिकाणी खर्च होतो.