कणाचा आकार, कणाचा शेजार

धारूरच्या पेठेतल्या सोनाराच्या दुकानात कानशीचा कीस वाया जात नाही. मांडीवरच्या फडक्यात पडलेले कण गोळा होतात, चुंबक फिरवून त्यातला लोखंडाचा चुरा काढला जातो आणि कीस मुशीत पडतो. वरून टाकणखाराची चिमूट. ज्योतीखाली आधी खार फुलतो, मग पातळ होऊन पसरतो. कण काळपट होतात, लाल होतात आणि एकाएकी आक्रसून त्यांचा चकचकीत गोळा होतो. धातू वितळवणं या गावाला जुनंच. मुघल नाण्यांवर टांकसाळ म्हणून ‘फतहाबाद धारूर’ हे नाव येतं.

कीस लवकर वितळतो, लगड वेळ खाते, असा सोनारकाकांचा अनुभव. तो खरा आहे, पण फरक वेळेचा, तापमानाचा नव्हे. शुद्ध सोनं 1064 अंश सेल्सिअसला वितळतं. दागिन्यात तांबं-चांदी असल्याने ते थोडं आधी पातळ होतं, एवढंच.

हा आकडा हलवायचा तर कण नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या मापाचा हवा. 1976 मध्ये ब्यूफा आणि बोरेल या संशोधकांनी इलेक्ट्रॉनांच्या झोतात असे सोन्याचे कण तपासले. दोन-तीन नॅनोमीटरचे कण कित्येकशे अंश आधीच वितळत होते. पृष्ठभागावरच्या अणूला शेजारी कमी, म्हणून तो गर्दीच्या कडेच्या माणसासारखा आधी सुटतो. किसाच्या कणात असे अणू नगण्य असतात. नॅनोमीटरच्या कणात मात्र त्यांचाच मोठा वाटा.

एखाद्या धातूचा कण दुसऱ्या धातूत कोंडला, तर उलटंही घडतं. 1986 मधल्या एका प्रयोगात सोन्याच्या आवरणातली चांदी आपल्या 962 अंशांच्या वितळणबिंदूपेक्षा सुमारे 25 अंश वरपर्यंत घन राहिली. दोन्ही धातूंचे अणू एकमेकांशी जुळून बसल्याने वितळायला सुरुवात होईल अशी सैल जागाच उरली नव्हती. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कमानिओ चट्टोपाध्याय आणि सहकाऱ्यांनी ॲल्युमिनियममध्ये अडकलेल्या शिशाच्या कणांत हाच प्रकार अभ्यासला. तिथे सगळं सीमेवरच्या जुळणीवर ठरतं.

म्हणून इतक्या बारीक कणांचा वितळणबिंदू सांगताना कण केवढा आणि भोवती काय, हे सांगायलाच हवं; नाहीतर तो आकडा अपुरा.