इंजिनातील हवागळतीची घरगुती तपासणी

पंपाच्या डिझेल इंजिनाची शक्ती घटताच शेतकरी बंधू बोअरिंगच्या खर्चास तयार होतात. वास्तविक दोष कित्येकदा केवळ व्हॉल्व्हचा असतो.

कॉम्प्रेसरच्या नळीवर दाब-नियंत्रक व त्यापुढे दोन दाबमापके बसवावीत; मापकांमध्ये १ मिलिमीटर छिद्राची पितळी चकती असावी. नळीचे टोक बंद करताच दोन्ही काटे सारखे आले पाहिजेत. नंतर टोकास तशीच दुसरी चकती लावून दुसऱ्या मापकाचा आकडा नोंदवावा. पुढील प्रत्येक पडताळणीत तोच यावा.

पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्यावर आणून हँडल काढावे, चाक पक्के अडवावे व नोझलच्या जागी नळी जोडावी. पहिले मापक १०० पौंडांवर ठेवून दुसरे ८० दाखवील, तर गळती २० टक्के. हवेचा आवाज सायलेन्सरमधून आल्यास एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर क्लीनरमधून आल्यास इनलेट व्हॉल्व्ह व ऑइल भरण्याच्या तोंडातून आल्यास रिंगा अथवा सिलिंडर सदोष समजावा. व्हॉल्व्ह घासून काम भागत असल्यास बोअरिंगचा खर्च वाचतो.