दार आतून बंद, खुनी गायब!

खोलीला आतून कडी, खिडक्या गच्च बंद, मधोमध प्रेत आणि खुन्याचा पत्ता नाही. या एका कोड्यावर जॉन डिक्सन कारने जन्म काढला. १९०६ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जन्मलेल्या या गृहस्थाचे वडील राजकारणात, थेट अमेरिकी काँग्रेसपर्यंत पोचलेले. चिरंजीवांनी मात्र १९३० मध्ये 'इट वॉक्स बाय नाइट' लिहून खुनांचं दुकान थाटलं. १९३२ मध्ये इंग्लिश मुलीशी लग्न केलं आणि लवकरच बिऱ्हाडही इंग्लंडला हलवलं.

लिहिण्याचा झपाटा असा, की एक नाव पुरेना. मग दुसरं घेतलं, 'कार्टर डिक्सन'. रहस्यकथाकाराने लपायचं ठरवावं आणि निम्मं नाव तेच ठेवावं, आता काय बोलायचं! खऱ्या नावाने येणारा डॉ. गिडियन फेल हा लठ्ठ, झगा पांघरणारा, झुपकेदार मिशांचा गुप्तहेर. तो बेतला होता कारच्या लाडक्या लेखकावर, जी. के. चेस्टरटनवर. टोपणनावाच्या वाट्याला आले चिडके, टकले सर हेन्री मेरिव्हेल.

खरी गंमत १९३५ च्या 'द हॉलो मॅन'मध्ये आहे. सतराव्या प्रकरणात फेलमहाशय कथा थांबवतात, आपण सगळे एका रहस्यकथेतली पात्रं आहोत हे खुशाल कबूल करतात आणि बंद खोलीतल्या खुनांवर चक्क व्याख्यान झोडतात. किल्ली बाहेरून दोऱ्याने कशी फिरवायची, कडीखाली बर्फाचा खडा ठेवला की तो वितळल्यावर ती आपोआप कशी पडते, सगळं बैजवार. जादूगाराने हातचलाखी आधी समजावून सांगावी आणि मग त्याच प्रेक्षकांना पुन्हा फसवावं, तसा हा प्रकार. १९८१ मध्ये जाणकार लेखक-समीक्षकांनी कौल दिला, तेव्हा बंद खोलीच्या कादंबऱ्यांत हीच पहिली आली.

'द जूडास विंडो' (१९३८) मध्ये तर मेरिव्हेल वकिलीचा झगा चढवून कोर्टात उभे राहतात. बंद खोलीत छातीत बाण घुसलेला मृतदेह, शेजारी बेशुद्ध पडलेला एकुलता एक संशयित. मेरिव्हेल म्हणतात, प्रत्येक खोलीला एक खिडकी असते, फक्त खुन्यालाच दिसणारी. कुठली, ते इथे सांगणं म्हणजे पाप.

१९३६ मध्ये लंडनच्या 'डिटेक्शन क्लब' या रहस्यकथाकारांच्या मंडळाने या अमेरिकनाला आत घेतलं. तिथे कवटीवर हात ठेवून शपथ घ्यायची: माझा गुप्तहेर दैवी साक्षात्कार किंवा योगायोगाच्या भरवशावर गुन्हा उकलणार नाही. कारला ती जड गेली नसावी. वाचकासमोर सगळे धागे उघड ठेवायचे आणि तरी त्याला चकवायचं, हाच त्याचा खाक्या.

१९६३ मध्ये 'मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका'ने त्याला 'ग्रँड मास्टर' केलं. त्याच वर्षी अर्धांगवायूने डावी बाजू गेली. पठ्ठ्या एका हाताने टाइप करत राहिला. उतारवयात 'एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन'मधल्या 'द ज्युरी बॉक्स' या सदरातून त्याने इतरांच्या रहस्यकथाही तपासायला घेतल्या. अशा परीक्षकापुढे नवं पुस्तक ठेवायचं म्हणजे लेखकाचीच उलटतपासणी!