मूठभर कणीक

"गव्हाचीच द्या माउली. ज्वारीची नको, ती धरत नाही."

पखवाजी हे काकूंना सांगत होता आणि काकू गालातल्या गालात हसत होत्या. दरवर्षी पालखीच्या दिवशी कुणीतरी ओट्यापाशी येतं आणि हेच सांगतं, हे त्या हसण्यातून कळत होतं. झाकून ठेवलेली परात त्यांनी उघडली, भिजवलेल्या कणकेचा मुठीएवढा गोळा तोडला, हातावर तोलला आणि त्याला आणखी एक चिमूट जोडली. "पुरंल का?" पखवाज्याने गोळा दोन बोटांत दाबून पाहिला. "पाणी जरा जास्त झालंय. पण चालंल. ऊन पिऊन टाकंल."

आम्ही कासुर्डीच्या हद्दीत होतो. पुणे–सोलापूर रस्त्यावरून जाणाऱ्यांना हे नाव टोलनाक्यामुळे पाठ झालं. एरवी इथे ऊस, कालव्याचं पाणी आणि दक्षिणेला भुलेश्वराच्या डोंगराची निळसर रेघ. ज्येष्ठ वद्यात एक दिवस मात्र गाड्या दुसरीकडून वळवतात आणि सगळा हमरस्ता चालणाऱ्यांचा होतो. पुण्यातला दोन रात्रींचा मुक्काम आटोपून निघालेल्या दोन पालख्या हडपसरला वेगळ्या होतात. ज्ञानोबांची पालखी दिवेघाट चढून सासवडला जाते, तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला. दुसऱ्या दिवशी लोणी ते यवत हा टप्पा. दुपारी उरुळी कांचनला विसावा, बोरीभडकला दौंड तालुक्याची शीव, मग कासुर्डीचा टापू आणि तिन्हीसांजेला यवत. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची ही प्रथा सुरू केली.

मी चित्रं काढते. लोणीहून एका दिंडीबरोबर निघाले होते, पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये दोन चित्रवह्या. चित्रकारांच्या जगात 'रेसिडेन्सी' हा शब्द आता सरावाचा झाला आहे. काही आठवडे राहायला खोली, कामाला जागा, दोन वेळचं जेवण. काही ठिकाणी प्रार्थनेला आणि मौनालाही वेळ राखून ठेवलेला असतो. तुमची श्रद्धा दाराबाहेर काढून ठेवा, असं तिथे कुणी म्हणत नाही. असं काही आपल्या मातीत आहे का, हा प्रश्न मला आंजेलो दा फोन्सेकांच्या चित्रांनी घातला.

फोन्सेकांचा जन्म १९०२ चा, गोव्यातला. वैद्यकीचं शिक्षण सोडून ते चित्रकलेकडे वळले आणि शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या छायेत शिकले. गोव्यात परतल्यावर त्यांनी मारिया रंगवली ती सावळी, साडी नेसलेली, इथल्या बाईसारखी बसणारी. ती अनेकांना रुचली नाही. तेव्हा ते पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिले. जॅक विन्स्लो यांनी स्थापलेला हा आश्रम अँग्लिकन पंथाचा, फोन्सेका कॅथलिक. तरीही त्यांना तिथे घर मिळालं. १९६७ मध्ये ते वारले, तोवर त्यांच्या कुंचल्याचा पत्ता मुख्यतः पुणे हाच होता.

तो आश्रम या ओट्यापासून चाळीसेक किलोमीटरवर, आणि मधला रस्ताही रिकामा नाही. उरुळी कांचनला १९४६ च्या मार्चमध्ये गांधीजी येऊन राहिले आणि निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. पुढे केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे तिथल्या बायकांनी स्वतः जुळवले आणि छपाईही स्वतः केली. तिन्ही ठिकाणी प्रार्थनेची वेळ ठरलेली होती आणि हाताला कामही होतं. असं घड्याळ कलावंताच्या हाताचं काय करतं, हे मला पाहायचं होतं. आश्रमात नुसती पाहुणी म्हणून राहून ते कळलं नसतं. दिंडीत कळेल असं वाटलं, कारण तिथे पाहुणं राहताच येत नाही. भिशी भरली की तुम्ही दिंडीचे. मग कुणी 'माउली' म्हणून हाक मारली की ओ द्यायची. इथे स्वयंपाकी माउली, ट्रकचा ड्रायव्हर माउली आणि पाय चेपून घेणारे म्हातारबाबाही माउलीच.

पहाटे तीनला टँकरच्या नळाखाली आंघोळीची रांग लागते. ट्रकमध्ये राहुट्या आणि वळकट्या चढतात. उजाडायच्या सुमारास दिंडी रस्त्याला लागते, तीही ठरलेल्या क्रमाने. पुढे पताका, मग दोन्ही बाजूंनी टाळकऱ्यांच्या ओळी, त्यांच्यामध्ये पखवाज, त्यामागे वीणेकरी. वीणेच्या मागे डोक्यावर तुळशीवृंदावनं आणि हंडे घेतलेल्या बायका. माझी जागा तिथे.

काय गायचं, हा प्रश्न दिवसभरात एकदाही कुणाला पडत नाही. मला सगळ्यात नवल वाटलं ते याचंच. सकाळच्या भजनाची मालिका बांधलेली आहे. काकड्याचे अभंग, भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळा, पांगुळ, गौळणी. त्या दिवसाच्या वाराचे अभंग वेगळे. दिवस कलला की हरिपाठ. मी घरी कोऱ्या कागदासमोर बसते तेव्हा अर्धी सकाळ 'आज काय काढू' यातच जाते. इथे तो पेच कुणीतरी कित्येक पिढ्यांपूर्वी सोडवून ठेवला आहे, त्यामुळे सगळी बुद्धी 'कसं' याच्याकडे वळते. तोच अभंग, पण उरुळीच्या अलीकडच्या चढाला वीणेकऱ्याने तो वेगळ्या चालीत उचलला आणि दमलेल्या ओळी एकदम सावरल्या.

चाल. मराठीत माणूस चालतो त्या रीतीलाही चाल म्हणतात आणि अभंग गातात त्या रीतीलाही. शब्द एकच का, ते दिंडीत पायांना कळतं. पखवाजाची लय पावलावर बसलेली असते. वीणेकऱ्याने हात किंचित वर केला की टाळ थांबतात आणि पुढचा अभंग सुरू होईपर्यंत पावलंही ढिली पडतात. पखवाजी सारखा मान वळवून मागे बघत असतो, वीणेकऱ्याच्या बोटांकडे. गळ्यात लहान पोराएवढं वजन, पुढे रस्ता, आणि नजर मागे. तरी त्याचा पाय खड्ड्यात जात नाही. लोणीपासून इथवर त्याने एकदाही एकट्याचा तुकडा वाजवून दाखवला नव्हता. हात तयार होता, हे मधूनच एखाद्या बोलावरून कळायचं. वीज चमकावी तसा तो बोल येई आणि लगेच ठेक्यात विरून जाई. बाजूच्या टाळकऱ्याची मान तेवढी हले.

माझी चित्रं मात्र फसत होती. चालता चालता काढलेली पहिली सात पानं म्हणजे विजेच्या तारांचा गुंता. उरुळीच्या विसाव्यापर्यंत मी नाद सोडला आणि एका विसाव्याला एकच गोष्ट बघायची असं ठरवलं. उरुळीला बसलेल्या पखवाज्याचा खांदा बघितला. कासुर्डीला त्याचे हात.

आता तो ओट्यावर मांडी घालून बसला होता. पखवाज आडवा, डावी पुडी त्याच्या डाव्या हाताला. उजव्या पुडीवर काळी शाई कायमची बसवलेली असते. डावी पुडी कोरी. तिचा खर्ज रोज कणकेने घडवावा लागतो. त्याने आधी ओल्या फडक्याने पुडी पुसली. सकाळी लोणीला लावलेली कणीक उन्हाने तडकली होती, ती त्याने नखाने उचलून काढली. पुडीच्या मधोमध पाण्याचं बोट फिरवलं. मग नवा गोळा ठेवला आणि तळव्याच्या गादीने तो मधून कडेला पसरत नेला, भाकरी थापावी तसा, फक्त कडा पातळ आणि पोट जाड.

थाप मारली. आवाज बद्द आला.

"जास्त झाली," तो म्हणाला आणि कडेची चिमूट काढली. पुन्हा थाप. आता आवाज कोरडा, पत्र्यासारखा. अर्धी चिमूट परत लावली आणि पाण्याचं बोट फिरवलं. उजव्या पुडीच्या गजऱ्यावर हातोडीचे दोन हलके ठोके घातले, गठ्ठा जरा सरकवला. हे सगळं पाच-सात मिनिटं चाललं. रस्त्यावरून दुसऱ्या दिंड्या जात होत्या, त्यांचा गजर कानात शिरत होता आणि त्या गलक्यात त्याला स्वतःचा खर्ज शोधायचा होता. कान पुडीजवळ नेऊन तो एकेक थाप मारी, थांबे, ऐके. माझ्या आयुष्यात मी इतक्या जवळून पाहिलेली प्रार्थनेसारखी गोष्ट हीच. तसं म्हटलं असतं तर तो हसला असता.

मग एका थापेसरशी ओट्याची फरशी मांडीखाली थरारली. दारात उभ्या काकू म्हणाल्या, "हां. बसला."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना पखवाज येत नव्हता. त्यांची कणीक बसली होती, ते मात्र कळलं होतं.

मी पखवाज्याला विचारलं, बायका पखवाज वाजवतात का. "वाजवतात की आता. शिकतात पोरी." तुमच्या दिंडीत? त्याने हातोडी पिशवीत ठेवली. "आमच्यात अजून नाही." तो आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत शिकलेला. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ मध्ये काढलेली ही संस्था. तिथे माधुकरी मागून दिवस काढल्याचं तो अभिमानाने सांगत होता. इरावती कर्व्यांनी 'वाटचाल'मध्ये एकाच दिंडीत चालणाऱ्या आणि वेगवेगळ्या पंक्तींना जेवणाऱ्यांची बोच लिहून ठेवली आहे. आमच्या दिंडीत पंगत एकच होती. मागची जागा मात्र अजून मागेच होती.

माझी श्रद्धा कितपत आहे, हे दिवसभरात कुणी विचारलं नाही. पायाला फोड आला का, हे तेराजणांनी विचारलं. एका आजींनी सुई-दोराच काढला आणि फोडातून दोरा कसा ओवून ठेवायचा ते दाखवलं. देहूहून निघाल्यावर याच पालखीची पहिली आरती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होते. कोण कुठल्या दारातून आला याची चौकशी न करण्याची सवय या वाटेला जुनी आहे. चौकशी होते ती टाळ चुकला की. आमच्या दिंडीतल्या एका पोराचा टाळ हरिपाठात मागे पडला, तेव्हा शेजारच्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पुढचा अर्धा तास पोराचा टाळ सुरीसारखा चालला.

यवतला पोचलो तेव्हा अंधारलं होतं. इथल्या गावकऱ्यांची पिठलं-भाकरी सगळ्या वाटेवर नावाजलेली. काळभैरवनाथाच्या देवळात पिठलं शिजतं आणि घराघरांतून भाकरी येतात. हातावर भाकरी, भाकरीवर पिठलं, सोबत मिरचीचा ठेचा. खाऊन झाल्यावर राहुटीतल्या बॅटरीच्या उजेडात मी वही उघडली. उरुळीला काढलेल्या खांद्याला कासुर्डीचे हात जोडून मी एक पूर्ण चित्र केलं होतं. दिवसभरातलं एकच बरं चित्र. पखवाज्याने वही हातात घेतली, लांब धरली, जवळ आणली.

"चांगलंय. पण हा माणूस डावखुरा आहे."

मी पाहिलं. समोरून बघताना त्याची डावी बाजू माझ्या उजवीकडे येते, आणि जोडाजोडीच्या नादात मी कणीक नेमकी उलट्या पुडीवर लावली होती. अर्धा तास तिच्याकडेच बघत बसले होते मी.

"डावखुरे पखवाजी असतात की," मी म्हणाले.

"असतात. पण मी नाही."

चित्र शाईचं होतं, खोडता येण्यासारखं नव्हतं. मी पान तसंच ठेवलं आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं: कणीक डावीकडे. तोवर त्याने पखवाज मांडीवर घेतला होता. रात्रभर कणीक राहिली तर वाळताना कातडं ओढते, म्हणून झोपण्याआधी ती काढायचीच. त्याने पाण्याचा हात लावला, कणीक भिजू दिली आणि सबंध चकती अलगद सोडवली. कासुर्डीच्या परातीतली कणीक, आता करडी पडलेली, बोटांचे ठसे उमटलेली. ती त्याने मुंग्यांसाठी बाहेरच्या लिंबाच्या बुंध्याशी ठेवली. पुडी कोरडी पुसली, पखवाजाला गवसणी घातली आणि उशाशी घेऊन आडवा झाला.

"उद्याची कणीक?" मी विचारलं. उद्याचा मुक्काम वरवंडला होता.

"भांडगावला, नाहीतर चौफुल्याला," तो डोळे मिटून म्हणाला. "देतंच कुणीतरी. गव्हाची मागायची, एवढं ध्यानात ठेवायचं."