अनुभवी गोलंदाजास निरोप : विदर्भ क्रिकेट संघाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना
मर्यादित साधनांच्या संघाने आपला अनुभवी गोलंदाज किती काळ जपावा आणि केव्हा मोकळा करावा, हा क्रीडाव्यवस्थापनातील एक मूलभूत प्रश्न आहे. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये लहान शहरांचे संघ आपला मुरलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा प्रमुख खेळाडू, संपन्न संघास देतात व त्याच्या बदल्यात होतकरू खेळाडू मिळवतात. रणजी करंडक स्पर्धेत अशी अदलाबदल नाही. खेळाडू आपल्या संघटनेकडून ना हरकत प्रमाणपत्र घेऊन व्यावसायिक म्हणून अन्य राज्याकडे जातो. मूळ संघास मोबदल्यात खेळाडू मिळत नाही. मग अशा संघाच्या पदरात काय पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात विदर्भाच्या उदाहरणावरून केला आहे.

सरवटे आणि विदर्भ
१९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाने पहिले विजेतेपद २०१७-१८ मध्ये मिळवले. पुढच्याच हंगामात सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे याने ११ बळी घेतले आणि विदर्भाने ७८ धावांनी विजय मिळवून करंडक राखला. २०२४-२५ च्या हंगामात मात्र पस्तिशीच्या उंबरठ्यावरील हा गोलंदाज केरळकडून खेळला.

त्याच हंगामात विदर्भाचा तरुण डावखुरा फिरकी गोलंदाज हर्ष दुबे याने ६९ बळी घेतले. रणजीच्या एका हंगामातील हा विक्रम होय. दुबे अकस्मात पुढे आला नव्हता. मार्च २०२४ मध्ये मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात तो सरवटेच्या सोबतीने खेळला होता आणि दुसऱ्या डावात त्याने ५ बळी घेतले होते.

निर्णयाची दुसरी बाजू
यावरून जुन्यास निरोप देणे नेहमीच हिताचे, असा निष्कर्ष काढता येणार नाही. उपांत्य सामन्यात केरळने गुजरातवर अवघ्या २ धावांची आघाडी घेतली. त्या डावातील अखेरचा बळी सरवटेचा होता. त्या जोरावर केरळ प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला आणि समोर विदर्भच उभा होता. नागपूरच्या त्या सामन्यात सरवटेने पहिल्या डावात ७९ धावा केल्या. विदर्भाच्या ३७९ धावांना केरळने ३४२ धावांनी उत्तर दिले. सामना अनिर्णित राहिला व विदर्भ पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विजेता ठरला. हे अंतर इतके अल्प होते की सोडलेला खेळाडूच करंडक हिरावून घेऊ शकला असता.

वय हा एकमेव निकषही मानता येत नाही. मुंबई सोडून वयाच्या ३७ व्या वर्षी विदर्भाकडे आलेल्या वसीम जाफरने २०१८-१९ मध्ये हजारांहून अधिक धावा केल्या. एका संघाने ज्याचा काळ सरला असे मानावे, तो दुसऱ्या संघाचा आधारस्तंभ ठरू शकतो. शिवाय वेगवान गोलंदाज व पिचर यांचे सामर्थ्य बव्हंशी शरीरावर अवलंबून असते. फिरकी गोलंदाजाची कला वयाबरोबर परिपक्व होते.

निष्कर्ष
मोबदला नसलेल्या व्यवस्थेत लहान संघास मिळणारी खरी गोष्ट म्हणजे रिकामी झालेली षटके होत. एकाच धाटणीचे दोन गोलंदाज असताना कनिष्ठाच्या वाट्याला उरलीसुरली षटके येतात. ज्येष्ठ गेल्यावर डावाचा भार त्याच्यावर पडतो आणि त्यातूनच तो घडतो. परंतु ती षटके पेलणारा वारस घरात तयार नसेल, तर रिकामी जागा केवळ रिकामीच राहते. म्हणून ज्येष्ठ गोलंदाज किती वर्षांचा झाला यापेक्षा तो संघात असतानाच त्याचा वारस मोठ्या सामन्यांत कसोटीला उतरला आहे काय, हे पाहणे अधिक आवश्यक आहे. उत्तर होकारार्थी असल्यास निरोप सन्मानपूर्वक द्यावा; नकारार्थी असल्यास ज्येष्ठास राखून त्याच्या सोबतीने वारस घडवावा. विदर्भाचा मोबदला सरवटेच्या जाण्यानंतर नव्हे, तर तो असतानाच तयार झाला होता.